जुहूचे खाजण आणि आडवा वारा

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे कराचीहून निघालेले एक लहानसे पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. चालक जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, वय २८. सोबत सुमारे २५ किलो टपाल. भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासातील हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की अहमदाबादला बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबेसुद्धा इतिहासप्रेमींना तोंडपाठ असतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते विमान कोणत्या दिशेने उतरले?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, कारण आपल्या मनातले विमानतळ म्हणजे एक लांब, सरळ, आखीव धावपट्टी. तिची दोन टोके, म्हणून दिशाही दोनच. १९३२ च्या जुहूला अशी पट्टी नव्हती. तेथे होते खाजण: भरतीच्या पाण्याने भिजणारी, कोरड्या ऋतूत कडक होणारी, समुद्राला खेटून असलेली मोकळी जमीन. अशा मैदानात दिशा ठरविण्याचा अधिकार वाऱ्याचा असे. वारा जिकडून येईल तिकडे नाक करायचे आणि उतरायचे, उडतानाही तेच.

पुढे तेथे पक्की धावपट्टी झाली. चिखल गेला, लांबी मिळाली, मोठी विमाने आली. पण त्याबरोबर वाऱ्याचा तो अधिकारही गेला. लहान विमानाचे ‘आडव्या वाऱ्यातील उड्डाण’ ही आज जगभरातील वैमानिक-शिक्षणातील एक मोठी धास्ती आहे, आणि तिचे मूळ बऱ्याच अंशी या बदलात आहे. हा धागा त्याच बदलाचा, जुहूच्या निमित्ताने.

प्रथम वारा समोरूनच का हवा, ते पाहू. विमानाच्या पंखाला जमिनीचा वेग ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतो फक्त अंगावरून वाहणाऱ्या हवेचा वेग. समजा, एखाद्या हलक्या विमानाला उचलण्यासाठी हवेचा वेग ताशी ४५ मैल लागतो. समोरून ताशी १५ मैलांचा वारा असेल, तर जमिनीवर केवळ ३० मैलांचा वेग गाठला की पुरे. लागणारी धाव निम्म्याहूनही कमी होते. तोच वारा पाठीमागून असेल, तर जमिनीवर ६० मैलांचा वेग गाठावा लागतो आणि धाव जवळजवळ पावणेदोन पट लांबते. आणि वारा बाजूने आला, तर तो पंखाला उचलण्यात काहीच मदत करीत नाही. उलट विमानाला ढकलतो, फिरवतो, कलंडवतो.

जुहूचे हवाई मैदान १९२८ साली सुरू झाले; देशातील पहिले नागरी विमानतळ म्हणून त्याची नोंद होते. त्याच सुमारास मुंबई, दिल्ली, कराची आणि कलकत्ता येथे सरकारी साहाय्याने फ्लाइंग क्लब उभे राहिले. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे ठिकाण अर्थात जुहू. येथेच शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. परवान्यावरील क्रमांकच १ होता.

या क्लबांचे शिकविण्याचे विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचे मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, दोन मजली पंख, दोन उघड्या बैठका. रिकामे वजन सुमारे ४०० किलो. दोन-तीन माणसे ते हातांनी ढकलू शकत, आणि पंख मिटता येत असल्याने ते एखाद्या गाडीखान्यातही मावे. चाकांना ब्रेक नसत. शेपटीखाली चाकही नसे. असे ती केवळ एक घसरपट्टी, जी जमिनीत रुतून विमानाला थोडा आवर घाली. म्हणजे मॉथचे ब्रेक जमिनीनेच पुरवायचे. मऊ माती आणि गवत हे अशा विमानाचे सोबती होते. डांबर नव्हे.

मुंबईचे वारे शाळेच्या भूगोलात सापडतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री व पहाटे जमीन निवते आणि मतलई वारे समुद्राकडे जातात. हिवाळ्यातील सकाळी जुहूला वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडचा, दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडचा. म्हणजे सकाळी उडालेला विद्यार्थी दुपारी परतला तर त्याच मैदानावर उलट दिशेने उतरणार. वेसावे-जुहूच्या कोळ्यांना यात शिकण्यासारखे काहीच नव्हते. होड्यांची शिडे याच वेळापत्रकावर पिढ्यानपिढ्या चालली होती. जून उजाडला की मात्र हे रोजचे चक्र मोडते. नैर्ऋत्य मोसमी वारे ठाण मांडून बसतात, त्यांत झोत असतात, सरी असतात, आणि वाऱ्याची दिशा सरीगणिक काही अंशांनी सरकते.

पावसाळ्यात जुहूची अडचण केवळ वाऱ्याची नव्हती. मैदानच पाण्याखाली जाई. जे. आर. डी. यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणींत हा भाग हमखास येतो: पावसाळा आला की टाटांच्या हवाई टपाल विभागाने, म्हणजे दोन विमाने, मोजके वैमानिक आणि मेकॅनिक यांनी, आपला संसार उचलून पुण्याला न्यायचा. तेथे येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान त्यांना वापरायला मिळाले होते. (१९३३ च्या ऑगस्टमध्ये महात्मा गांधी काही दिवस याच तुरुंगात होते. भिंतीबाहेरून कधी मॉथच्या इंजिनाची घरघर आत गेली असेल, तर इतिहासाने त्याची दखल घेतलेली नाही.)

या सेवेला सरकारकडून ठरावीक अनुदान नव्हते. टपालाच्या वजनावर मिळेल तेवढेच उत्पन्न. त्यामुळे वेळ पाळण्यावर सगळा व्यवहार उभा होता. रेडिओ नाही, दिशादर्शक यंत्रणा नाही, वाटेत सह्याद्री आणि त्यावर अडकलेले ढग. तरीही पहिल्या वर्षी टपाल एकदाही चुकले नाही. पावसाळ्याच्या सर्वांत कठीण महिन्यांतही मुंबई-मद्रासचे टपाल कराचीची जोडणी चुकले नाही, याची सरकारी नागरी उड्डाण खात्याने आपल्या वार्षिक अहवालात मुद्दाम प्रशंसा केली. या यशात वैमानिकांच्या धैर्याचा वाटा मोठा, यात शंका नाही. पण एक गोष्ट या कौतुकात हरवते. धोक्याच्या मैदानावर हट्टाने उड्डाणे चालू ठेवण्याऐवजी मैदान बदलण्याचा शहाणपणा त्या छोट्या चमूकडे होता. जुहूचा पावसाळा त्यांनी जिंकला नाही, टाळला. हवाई इतिहासात अशा टाळण्याला फारसे पुतळे मिळत नाहीत.

ज्या पुस मॉथवर हे सारे चालले, ते विमान स्वतः निर्धोक नव्हते. १९३० मध्ये ऑस्ट्रेलियात आणि त्यानंतर इतरत्र या जातीची काही विमाने हवेतच पंख तुटून कोसळली. खवळलेल्या हवेत पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला कंप सुटतो, असे तपासात आढळले, आणि एक लहानसा जोड-दांडा लावून दोष दूर करण्यात आला. सह्याद्रीवरच्या ढगांत शिरणाऱ्या वैमानिकाला ही बातमी कशी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

आता आडव्या वाऱ्याकडे. उड्डाणाच्या धावेत लहान विमानावर तीन आपत्ती येतात, आणि त्या पाठोपाठ नव्हे, एकदमच येतात.

पहिली, विमानाचे वातकुक्कुट होते. देवळाच्या किंवा वेधशाळेच्या माथ्यावरील वातकुक्कुट जसा शेपटीवर वारा लागला की चोच वाऱ्याकडे करतो, तसेच विमानाच्या उभ्या शेपटीवर बाजूचा वारा आदळला की नाक वाऱ्याकडे फिरू पाहते. वैमानिक पायाने रडर दाबून ते सरळ धरतो. पण रडर चालतो तो त्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. धावेच्या आरंभी वेग कमी असतो तेव्हा रडरही दुबळा असतो. ज्या क्षणी वारा सर्वांत बलवान, त्याच क्षणी सुकाणू सर्वांत अशक्त.

दुसरी, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. तो वर गेला की दुसरा पंख खाली झुकतो, जमिनीला टेकला की विमान त्याच्याभोवती गरकन फिरते. म्हणून धावेच्या आरंभी एलेरॉन वाऱ्याच्या दिशेने पूर्ण वळवून ठेवायचे आणि वेग वाढेल तसतसे ते सैल करायचे, असे शिकविले जाते.

तिसरी आपत्ती जमीन सुटताना येते. चाके टेकलेली असतात तोवर टायरचे घर्षण विमानाला बाजूला सरकू देत नाही. चाके उचलली की विमान वाऱ्याबरोबर तिरके वाहू लागते. पुरेसा वेग नसताना ते अर्धवट उचलले आणि पुन्हा खाली बसले, तर ते तिरके सरकतच टेकते. चाकांच्या दांड्यांवर असा आडवा भार पडतो, जो सोसण्यासाठी ते बनविलेले नसतात. म्हणून जुने शिक्षक सांगत की आडव्या वाऱ्यात विमान थोडे अधिक काळ जमिनीवर दाबून ठेवावे आणि मग एकदाच, ठामपणे उचलावे. धरसोड नको.

मॉथच्या काळातील विमानांत याहून एक मूलभूत खोड होती. त्यांची मुख्य चाके पुढे आणि वजनाचा मध्य चाकांच्या मागे असे. हातगाडी ओढत नेली तर ती निमूट मागे येते. तीच उलटी धरून ढकलत नेली तर जराशा धक्क्याने वाकडी होते, आणि एकदा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते. शेपटीवर बसणारे विमान या दुसऱ्या प्रकारातले. वाऱ्याने नाक थोडे फिरवले की मागचे वजन फिरणे वाढवीत नेते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

त्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण कराचीशी जोडलेले आहे. २० मार्च १९३७ रोजी अमेलिया इअरहार्ट हवाईमधील ल्यूक फील्डवरून हाउलंड बेटाकडे निघाल्या होत्या. त्यांचे लॉकहीड इलेक्ट्रा जगप्रदक्षिणेच्या इंधनाने जड झालेले, आणि शेपटीच्या चाकावर बसणारे. धावेत विमान एका बाजूस गेले, सावरताना दुसऱ्या बाजूस फिरले, उजवे चाक मोडले आणि ते पोटावर घसरत गेले. सुदैवाने आग लागली नाही, तिघेही बचावले. यात वाऱ्याचा वाटा किती, दोन इंजिनांच्या असमान शक्तीचा किती आणि टायरचा किती, यावर अजून वाद होतो. गिरकी एकदा सुरू झाली की कारणे मिसळून जातात.

दुरुस्तीनंतर इअरहार्ट उलट दिशेने, पूर्वेकडे निघाल्या, कारण दरम्यान जगभरचे ऋतुमान बदलले होते. १५ जूनला त्या कराचीला पोहोचल्या, १७ जूनला कलकत्त्याला. दमदमचे मैदान पावसाने भिजलेले होते. तेथून जड विमान कसेबसे उचलले आणि झाडांच्या शेंड्यांवरून गेले, असे त्यांच्या नोंदींत आहे. मुंबई त्यांच्या वाटेवर नव्हती. असती, तर जूनच्या मध्यावर जुहूने त्यांना काय दिले असते हे सांगायला नको.

या संकटावर अभियंत्यांनी उपाय शोधले नाहीत असे नाही. लुई ब्लेरिओने १९०९ मध्ये ज्या विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली, त्याची मुख्य चाके खुर्चीच्या चाकांसारखी फिरती होती. विमान तिरके सरकले तरी चाके आपोआप सरकण्याच्या दिशेला वळत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गुडइयर कंपनीने हीच कल्पना सेसना विमानांसाठी पुन्हा पुढे आणली. ती फार रुजली नाही. रुजला तो दुसरा उपाय: शेपटीचे चाक काढून नाकाखाली चाक देणे. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे आला आणि हातगाडी ढकलण्याऐवजी ओढली जाऊ लागली.

मैदानेही बदलली. सुरुवातीचा काळ चौकोनी किंवा गोल गवताळ मैदानांचा. विमाने जड झाली तसे गवत पुरेना, डांबर व काँक्रीट आले. सबंध मैदान पक्के करणे परवडणारे नव्हते, म्हणून पट्ट्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने आपल्या तळांवर तीन धावपट्ट्या त्रिकोणाकृती आखण्याची पद्धत बसविली. वारा कोठूनही आला तरी तीनपैकी एक पट्टी त्याच्या बरीच जवळ असावी, हा हिशेब. आज त्या त्रिकोणांपैकी जे अजून चालू आहेत, त्यांतील अनेकांची एकच भुजा वापरात उरली आहे. जेट विमाने इतकी जड व वेगवान झाली की आडवा वारा त्यांना पूर्वीइतका सतावीत नाही, आणि शहरातील जमीन इतकी महाग झाली की दुसरी पट्टी चैन वाटू लागली. या हिशेबात एक गृहीत लपलेले आहे. लहान विमानांचा विचार कोणी केलेला नाही.

जुहूच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०८/२६. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून: २६ म्हणजे २६० अंश, जवळजवळ पश्चिम, समुद्राकडे, ०८ म्हणजे ८० अंश, जवळजवळ पूर्व. लांबी सुमारे १,१४३ मीटर. तिला छेद देणारी १६/३४ ही दुसरी पट्टी त्याहून बरीच आखूड. ०८/२६ ही दिशा कोणी नकाशावर सहज ओढलेली रेघ नाही. खारे वारे, मतलई वारे आणि पावसाळी वारे या सर्वांची ती सरासरी आहे. सरासरीचा दोष एवढाच की प्रत्यक्ष वारा सरासरीने वाहत नाही.

पावसाळ्यातील एक कल्पित दुपार घेऊ. वारा नैर्ऋत्येकडून, २२० अंशांवरून, २५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. धावपट्टी २६. दोन दिशांतील कोन ४० अंश. त्रिकोणमितीने वाऱ्याचे दोन भाग पाडले की समोरचा भाग १९ नॉट येतो आणि आडवा भाग १६ नॉट. आता सेसना १५२ या जगभर शिकविण्यासाठी वापरल्या गेलेल्या विमानाची पुस्तिका उघडावी: तिच्यात आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट दिला आहे. सेसना १७२ चा १५. हे आकडे सक्त मर्यादा नव्हेत; कंपनीच्या कसलेल्या चाचणी-वैमानिकाने एवढ्या वाऱ्यात विमान सुखरूप चालवून दाखविले, इतकाच त्यांचा अर्थ. वीस तासांचे उड्डाण नावावर असलेल्या विद्यार्थ्याने त्या आकड्याकडे कसे पाहावे, हे त्याच्या शिक्षकावर अवलंबून. १९३२ चे खाजण कोरडे असते आणि वारा हाच असता, तर मॉथच्या चालकाने विमान ४० अंश वळवून उभे केले असते. आडवा भाग शून्य.

हिवाळ्यातील दुपारीही आकडेमोड करून पाहावी. वायव्येचा खारा वारा, ३१० अंश, १२ नॉट. धावपट्टी २६ वर आडवा भाग ९ नॉटच्या थोडा वर. धावपट्टी ३४ वर नेमका ६. जी आखूड पट्टी नकाशावर निरुपयोगी दिसते, ती अशा दुपारी नवशिक्याच्या पोटातील गोळा थोडा कमी करते.

वाऱ्याने आखलेल्या या रेषेचा आणखी एक चमत्कारिक परिणाम मुंबईने पाहिला. युद्धकाळात जुहूपासून अवघ्या दोनेक किलोमीटरवर सांताक्रूझचा मोठा तळ उभा राहिला आणि युद्धानंतर शहराची प्रवासी वाहतूक तिकडे गेली. तेथील मुख्य धावपट्टी ०९/२७. वारा तोच, म्हणून दिशाही जवळजवळ तीच. आकाशातून येणाऱ्याला दोन शेजारी पट्ट्या, सारख्या वळणाच्या, आणि पश्चिमेकडून आले तर जुहू आधी दिसणारी. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. सुमारे नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, पण विमान कायमचे निकामी झाले. लहान विमानांसाठी आखलेल्या पट्टीवर या दोन पाहुण्यांनी उपनगराची झोप उडविली असणार.

जुहूला हरवलेली दुसरी गोष्ट म्हणजे भोवतालची मोकळीक. १९३० च्या दशकात उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, तर वैमानिकासमोर वाळू होती, खाजण होते, भातखाचरे होती. विमान सरळ पुढे नेऊन बसवायचे, मोडले तर मोडले. विलेपार्ले, अंधेरी, सांताक्रूझ वाढत गेले तशी ही वाट बंद झाली. इमारतींच्या उंचीवर विमानतळाजवळ निर्बंध असले, तरी इमारत आहे तेथे वाऱ्याची आडसावली आहे: आडोशामागे हवा भोवऱ्यांनी घुसळते, आणि आडोसा संपताच वारा एकदम अंगावर येतो. धावेच्या मध्यावर आडवा वारा अचानक वाढणे हे स्थिर जोराच्या वाऱ्यापेक्षा अवघड, कारण पाय रडरवर एका जोराने दाबलेला असतो आणि गरज क्षणात बदलते.

२८ जून २०१८ ची दुपार घाटकोपरकर विसरलेले नाहीत. जुहूहून दुरुस्तीनंतरच्या चाचणी-उड्डाणासाठी निघालेले किंग एअर सी-९० हे दोन इंजिनांचे लहान विमान पावसाळी हवेत परतत असताना घाटकोपर पश्चिमेला सर्वोदयनगर परिसरात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण मरण पावले. बांधकामावरील मजूर जेवणाच्या सुट्टीत असल्याने हानी वाढली नाही, असे तेव्हा सांगितले गेले. हा अपघात उड्डाणाच्या धावेतला नव्हता आणि आडव्या वाऱ्याचाही नव्हता. त्याला या धाग्यातील आकडेमोड लावणे चूक ठरेल. त्याचे येथे स्थान एवढ्यासाठी की जुहूहून उडालेल्या लहान विमानाला संकटात टेकायला आज उपनगरांत जागा उरलेली नाही, हे त्या दुपारी साऱ्या शहराने पाहिले. मेलेल्यांतील एकाचा विमानाशी काही संबंधही नव्हता.

शिक्षणासाठी जुहू केव्हाच अपुरे झाले होते. शेजारी देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, त्याच्या वेळापत्रकात विद्यार्थ्याच्या फेऱ्यांना फटी शोधाव्या लागत. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला गेले. खानदेशात वारा कमी नाही, पण भोवती जमीन आहे.

मधल्या काळात, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, जे. आर. डी. टाटा पुन्हा एकदा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. वय ७८. विमान लेपर्ड मॉथ: १९३० च्या दशकातले, शेपटीवर बसणारे. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रवासाची ती पुनरावृत्ती होती, आणि वृत्तपत्रांनी तिचे योग्य ते कौतुक केले. फरक एवढाच की या खेपेस उतरण्याची दिशा त्यांना ठरवायची नव्हती. ती धावपट्टीवर रंगवलेली होती.

आज जुहूवर सर्वाधिक दिसतात ती हेलिकॉप्टरे. १९७४ मध्ये अरबी समुद्रात बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले, पुढे पवनहंसची स्थापना झाली, आणि तेलफलाटांवर माणसे नेणाऱ्या-आणणाऱ्या यंत्रांचा तळ जुहूला बसला. पावसाळ्यातही ही ये-जा चालते. हेलिकॉप्टरला वाऱ्याच्या स्वतःच्या मर्यादा आहेतच. परंतु जमिनीपासून हातभर उचलले की ते जागच्या जागी वळते, नाक नैर्ऋत्येला करते आणि तेथूनच चढू लागते. धावपट्टी २६ म्हणो की ०८.